कधीच फेल न होणारी टेस्ट

आमच्या घरात होमिओपॅथीचा जिवंत पुरावा म्हणून मला दाखवलं जातं. तिसरीत असताना माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर सात-आठ चामखिळी आल्या होत्या. चुना लावून झाला, वरातीच्या घोड्याच्या शेपटीचा केस बांधून झाला (तो मिळवण्यासाठी मामाने घोडेवाल्याला दहा रुपये दिले होते). शेवटी आईने मला गल्लीतल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी 'थूजा' दिलं. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या, चार-चार, दिवसातून तीनदा. आठ महिन्यांनी चामखिळी गेल्या, डागसुद्धा राहिला नाही. तेव्हापासून घरात कुणी होमिओपॅथीबद्दल शंका काढली की माझा डावा हात पुढे करायला सांगतात.

लहान मुलांच्या बहुतेक चामखिळी वर्षा-दोन वर्षांत काहीही न करता जातात, हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना कळलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्याआधी दीड वर्ष का नाही गेल्या?" या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच आहे, पण आमच्याकडे आईला असली उत्तरं दिलेली चालत नाहीत.

हे सगळं गमतीचं होतं, मागच्या वर्षापर्यंत. मागच्या वर्षी आईने थायरॉइडची गोळी बंद केली, मला न सांगता. तिला हायपोथायरॉइडिझम आहे. बारा वर्षं ती रोज सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन घेते आणि बारा वर्षं तिला त्या गोळीचा राग आहे. "जन्मभर घ्यायची ती गोळी नव्हे, खंडणी," असं ती म्हणते. भिशीतल्या मैत्रिणीने एका होमिओपॅथचं नाव सांगितलं आणि आई गेली. पहिल्या भेटीत तासभर प्रश्न. कुठल्या कुशीवर झोप लागते, गोड आवडतं की आंबट, ढगाळ हवेत कसं वाटतं, लहानपणी कशाची भीती वाटायची, आजी गेली तेव्हा रडू आलं का. आई घरी आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. पुढचा महिनाभर तब्येत एकदम छान. "बघ, थायरॉइडची गोळी सोडून महिना झाला. झालं का काही?" असं ती वडिलांना म्हणायची.

काही झालं नव्हतं हे खरंच. लेव्होथायरॉक्सिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे गोळी थांबवली तरी शरीर काही आठवडे शिलकीवर चालतं. जुन्या गोळीच्या शिलकीचं श्रेय नव्या गोळीने घेतलं. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा आईचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आवाज घोगरा, बोलणं संथ, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगात स्वेटर. टीएसएच निघाला ६१. लॅबच्या कागदावर वरची मर्यादा चारच्या आसपास असते.

मी त्या डॉक्टरांना फोन केला. भांडायलाच केला होता, हे कबूल करते. गोळी बंद करायला त्यांनी सांगितलं नव्हतं, ते आईनेच परस्पर केलं होतं. पण टीएसएचचा आकडा ऐकून ते शांतपणे म्हणाले, "रिपोर्टवर उपचार करायचे नसतात, माणसावर करायचे असतात. आणि जुन्या औषधांचा परिणाम बाहेर पडतोय, सुरुवातीला थोडं वाढणारच."

मला पटकन काही बोलता आलं नाही. पहिलं वाक्य तर कुठलाही चांगला डॉक्टर म्हणेल. दुसऱ्या वाक्यात काहीतरी ओळखीचं होतं, आणि ते काय ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं. आमच्या कामात कधी कधी एखादा नवखा पोरगा अशी टेस्ट लिहितो की कोड कसाही चालला, उत्तर बरोबर येवो, चूक येवो, प्रोग्राम कोसळो, टेस्ट आपली हिरवीच. पहिले काही दिवस सगळे खूश असतात. मग कुणीतरी मुद्दाम कोड मोडून बघतं आणि टेस्ट तरीही हिरवी राहते. त्या दिवशी कळतं की ही टेस्ट कधी काही तपासतच नव्हती.

हे आपल्याला वाटतंय तसंच आहे का, हे बघायला मी मुळापासून वाचायचं ठरवलं. झामुएल हानेमानचं 'ऑर्गनॉन'. पहिली आवृत्ती १८१०ची. सहावी त्याने १८४२च्या सुमारास लिहून पुरी केली, पण ती छापली गेली १९२१ साली, तो वारल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. क्रमांक घातलेली २९१ सूत्रं. होमिओपॅथीवर हसणाऱ्या माझ्या मित्रांपैकी कुणीही हे पुस्तक वाचलेलं नाही, आणि आईने तर नाहीच नाही.

वाचताना पहिला धक्का बसतो तो असा की माणूस आवडायला लागतो. हानेमान १७५५ साली माइसेनला जन्मला, डॉक्टर झाला आणि डॉक्टरकीला विटून बराच काळ पुस्तकांची भाषांतरं करून पोट भरलं. त्या काळची डॉक्टरकी म्हणजे रक्त काढणं, जळवा लावणं, जुलाब देणं, पारा खायला घालणं. १७९२ साली सम्राट लिओपोल्ड दुसरा वारला. वैद्यांनी त्याचं पुन्हा पुन्हा रक्त काढलं होतं, आणि हानेमानने त्याबद्दल त्यांना जाहीर जाब विचारला. १७९९ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेवटच्या आजारपणातही त्याचं भरपूर रक्त काढलं गेलं. ऑर्गनॉनच्या पहिल्याच सूत्राचा आशय असा की आजारी माणसाला बरं करणं हे वैद्याचं एकमेव काम; आणि त्याला जोडलेल्या तळटीपेत, हवेत सिद्धांतांचे इमले बांधणाऱ्यांना तो खडे बोल सुनावतो. रोग्याची हकीकत कशी ऐकावी यावर वीसेक सूत्रं आहेत. त्याला मध्येच तोडू नये, हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारू नयेत, नातेवाइकांनाही विचारावं. आजच्या कुठल्याही मेडिकल कॉलेजात ही सूत्रं भिंतीवर लावावीत इतकी चांगली आहेत. आई त्या दवाखान्यातून उजळलेल्या चेहऱ्याने का आली, ते मला या पानांवर समजलं.

मग येतो मुख्य मुद्दा. १७९० साली हानेमान विल्यम कलेन या स्कॉटिश डॉक्टरचा औषधांवरचा ग्रंथ जर्मनमध्ये आणत होता. सिंकोनाची साल हिवतापावर चालते ती तिच्या कडू-तुरटपणामुळे, असं कलेनचं म्हणणं. हानेमानला ते पटलं नाही. त्याने काही दिवस स्वतः ती साल घेऊन बघितली. हातपाय गार पडले, ग्लानी आली, नाडी जलद झाली. हिवतापात होतं तसं. यावरून त्याने अंदाज बांधला की निरोगी माणसात जे औषध जी लक्षणं निर्माण करतं, तेच औषध तशी लक्षणं असलेल्या आजाऱ्याला बरं करतं. आपल्याकडे 'सम: समं शमयति' म्हणून जे सांगतात ते हे. आपल्याला ते चटकन पटतंही, कारण काट्याने काटा काढायची आपली जुनी सवय आहे.

१७९०मध्ये हा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. स्वतःवर औषध घेऊन बघणं हे ग्रंथप्रामाण्यापेक्षा कितीतरी बरं होतं. मलेरियाचा जंतू सापडायला १८८० उजाडावं लागलं. पण अंदाज होता तो एका माणसाच्या, एका औषधाच्या अनुभवावर उभा. शिवाय ते औषध त्याने काय होतंय हे बघण्याच्या तयारीत बसून घेतलं होतं. बहुतेक निरोगी माणसांना सिंकोना घेऊन हिवतापासारखं काही होत नाही. अशा अंदाजाचं पुढचं पाऊल म्हणजे तो मोडून बघणं. ऑर्गनॉनमध्ये मी ते पाऊल शोधत राहिले.

विरलीकरणाची चेष्टा सगळेच करतात, ती मी पटकन उरकते. एक थेंब औषध नव्व्याण्णव थेंब पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये, त्याला झटके द्यायचे, त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णवांत, असं तीस वेळा केलं की झाली ३०सी पोटन्सी. म्हणजे मूळ पदार्थाचा एकास १०चा साठावा घात. अठरा ग्रॅम पाण्यात साधारण ६ गुणिले १०चा तेविसावा घात इतके रेणू असतात, त्यामुळे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणूसुद्धा उरलेला नसतो. मी एकदा हिशोब केला. ३०सीमध्ये औषधाचा एक रेणू सापडायची आशा धरायची, तर पंधरा हजार सूर्यांच्या वजनाएवढं पाणी प्यावं लागेल. पण हे हानेमानला कसं कळणार? रेणू किती मोठे असतात याचा पहिला बरा अंदाज लोश्मिटने १८६५ साली केला. हानेमान १८४३मध्ये वारला होता. त्याला या कारणासाठी हसणं म्हणजे न्यूटनला क्वांटम येत नव्हतं म्हणून हसणं.

पाण्याला स्मृती असते हे आज सांगणाऱ्यांना मात्र ही सवलत नाही. १९८८ साली जाक बेनव्हेनिस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाचा तसा दावा 'नेचर'ने छापला, आणि मागोमाग संपादक जॉन मॅडॉक्स, जादूगार जेम्स रँडी आणि वॉल्टर स्ट्युअर्ट त्याच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. कुठल्या नळीत काय आहे याची यादी पाकिटात घालून छताला चिकटवली. कुठल्या नळीत काय हे कुणालाच माहीत नसताना प्रयोग केला, तेव्हा परिणाम नाहीसा झाला.

माझं भांडण पाण्याशी नाही. एखादं औषध काम कसं करतं हे न कळताही ते काम करू शकतं. वैद्यकाच्या इतिहासात अशी औषधं पुष्कळ आहेत. माझं भांडण ऑर्गनॉनच्या आतल्या रचनेशी आहे. औषध दिल्यावर रोगी बरा झाला, तर औषध लागू पडलं. आधी त्रास वाढला, तरी ते लागू पडल्याचंच चिन्ह. थोडीशी वाढ हानेमानला शुभ वाटते. काहीच झालं नाही, तर औषधाची निवड चुकली, तत्त्व नाही. किंवा पथ्य चुकलं. कॉफीवर तर त्याचा इतका राग की १८०३ साली तिच्या दुष्परिणामांवर त्याने स्वतंत्र निबंध लिहिला. एक त्रास जाऊन जुना दुसरा परत आला, तर आजार उलट्या क्रमाने बाहेर पडतोय (ही भर नंतर हेरिंगने घातली). बरा झालेला रोगी वर्षभराने पुन्हा आजारी पडला तर?

या शेवटच्या प्रश्नाने हानेमान स्वतः हैराण झाला होता, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा हा सर्वांत उंच क्षण आहे. जुनाट आजार आपल्या औषधाने तात्पुरते दबतात आणि परत येतात, हे त्याने बघितलं आणि लिहिलं. इथे त्याला थांबून म्हणता आलं असतं की आपला मूळ अंदाज कदाचित चुकला. त्याने बारा वर्षं विचार करून १८२८ साली जुनाट आजारांवरचा ग्रंथ काढला. त्याचं म्हणणं, मूळ तत्त्व बरोबरच आहे, पण माणसांच्या बहुतेक जुनाट आजारांच्या तळाशी 'सोरा' नावाचा एक खोल दोष असतो, खरूज हे त्याचं बाह्य रूप. आणि मलमांनी खरूज वरवर दाबली की तो आत जाऊन शेकडो आजार घडवतो. खरजेचा किडा १८३४ साली पॅरिसमध्ये एका कॉर्सिकन विद्यार्थ्याने सगळ्यांसमोर सुईने काढून दाखवला. सोरा तरीही राहिला. आजही शिकवतात.

आमच्याकडे याला बग झाकणं म्हणतात. चूक आली, तिला पकडून गिळून टाकणारी एक ओळ वर लिहिली, प्रोग्राम पुढे चालू.

आणि एक गोष्ट. ऑर्गनॉनमध्ये रोग म्हणजे लक्षणांची बेरीज. आत काय बिघडलंय ते वैद्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नये. १८१०मध्ये हे शहाणपणाचं होतं. आत काय आहे याबद्दल बोलणारे तेव्हा थापा मारत होते. पण आईचा टीएसएच हे लक्षण नाही. तो तिला जाणवत नाही, तिच्या स्वप्नात येत नाही. त्या चौकटीत ६१ या आकड्याला बसायला जागाच नाही. फोनवर ते डॉक्टर मला फसवत नव्हते, ते त्यांच्या पुस्तकाशी प्रामाणिक होते.

आता १८३५ या सालाबद्दल. मला या विषयात सगळ्यात आवडलेलं हे साल. त्या वर्षी ऐंशीच्या घरातला हानेमान तरुण फ्रेंच बायकोबरोबर पॅरिसला राहायला गेला. त्याच वर्षी त्याच पॅरिसमध्ये प्येर लुई नावाच्या डॉक्टरने रक्त काढण्याच्या परिणामांवर पुस्तक छापलं. लुईने एवढंच केलं की मोजलं. न्यूमोनियाचे ७७ रोगी. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचं रक्त काढलं ते ४१, त्यातले १८ दगावले. ज्यांचं नंतर काढलं ते ३६, त्यातले ९ दगावले. आकडे लहान, तुलना कच्ची, रक्त अजिबात न काढलेला गटच नाही. लुईनेही त्यावरून रक्त काढणं बंद करा असं म्हटलं नाही. समजतात त्यापेक्षा त्याचा उपयोग फार कमी आहे इतकंच म्हणाला. न्यूमोनियात रक्त काढायचा सल्ला पुढेही कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत राहिला. पण हा हिशोब घरातल्या माणसाने घरच्या धंद्याचा मांडला होता.

आणि त्याच १८३५मध्ये न्युरेंबर्गला मिठाची परीक्षा झाली. फॉन होवेन या शहरातल्या बड्या सरकारी डॉक्टरने होमिओपॅथीची टोपणनावाने खिल्ली उडवली होती. त्यावर रॉयटर या होमिओपॅथने आव्हान दिलं की साध्या मिठाची ३०सी घ्या, निरोगी माणसालाही विलक्षण अनुभव येतील. वाद मिटवायला गावातले लोक एका खानावळीत जमले. शंभर कुप्या घेतल्या, मिसळून दोन भाग केले. एका भागात बर्फापासून काढलेलं निव्वळ शुद्ध पाणी, दुसऱ्यात तेच पाणी अधिक मिठाची ३०सी. पुन्हा मिसळल्या, नंबर घातले, यादी मोहोरबंद केली. देणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही. तीन आठवड्यांनी पन्नास जणांनी कळवलं. ४२ जणांना काहीही झालं नाही. आठ जणांना काहीतरी जाणवलं. यादी उघडली तेव्हा त्यातले पाच मिठाचे निघाले आणि तीन निव्वळ पाण्याचे.

आठात पाच आणि तीन यावरून फार काही सिद्ध होत नाही, आणि ही परीक्षा रोग बरा करण्याची नव्हतीच. मला अचंबा वाटतो तो तिच्या रचनेचा. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी, जिच्यापासून आधुनिक क्लिनिकल ट्रायल सुरू झाल्या असं मानतात, ती छापली गेली १९४८ साली. त्याच्या एकशे तेरा वर्षं आधी एका खानावळीत गावकऱ्यांनी हे करून ठेवलं होतं. आपल्याला चूक ठरवू शकेल अशी परीक्षा घ्यायची आणि निकाल आधी कुलुपात ठेवायचा. हे करायला रेणूंचं ज्ञान लागत नाही, एमबीबीएसही लागत नाही. हानेमानला हे जमण्यासारखं होतं.

आता दुसरी बाजू. होमिओपॅथीवर टीका करणारे इथे 'ॲलोपॅथी कशी शास्त्रीय' हे सांगायला लागतात, आणि आईसारख्या माणसांचं बोलणं तिथेच बंद होतं. लंडनमध्ये १८५४च्या पटकीत होमिओपॅथीच्या रुग्णालयात शेकडा सोळाच्या आसपास रोगी दगावले, इतर रुग्णालयांत जवळजवळ निम्मे. दोन्हींकडचे रोगी सारखेच गंभीर होते का, हा प्रश्न आहेच. पण पटकीने आधीच सुकलेल्या माणसाचं रक्त काढणाऱ्या, त्याला पाऱ्याचे जुलाब देणाऱ्या डॉक्टरपेक्षा काहीही न करणारा डॉक्टर परवडला, यात मला नवल वाटत नाही. कलकत्त्याचे महेंद्रलाल सरकार हे पाश्चात्त्य वैद्यकाचे एमडी. १८६७ साली ते होमिओपॅथीकडे वळले, त्यासाठी बहिष्कार सोसला, आणि याच माणसाने १८७६मध्ये ती विज्ञानसंस्था उभी केली जिथे पुढे सी. व्ही. रामन यांनी आपलं काम केलं. अशा माणसाला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं होता येत नाही. त्याच्यासमोर जे पर्याय होते त्यांत त्याने कमी घातक पर्याय निवडला.

आणि आधुनिक औषधांनीही अगदी अलीकडे हानेमानसारखाच विचार केलेला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयात अवेळी ठोके पडतात. असे ठोके ज्यांना जास्त, त्यांचा मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ते ठोके थांबतात हेही दिसत होतं. मग औषधांनी मृत्यू कमी होणार, हे उघडच. साखळीतली प्रत्येक कडी पक्की. डॉक्टर ती औषधं लिहून देत होते आणि ईसीजी सुधारलेला बघत होते. कुणीतरी तरीही चाचणी घेतली, अर्ध्या लोकांना खोटी गोळी देऊन. ती मध्येच थांबवावी लागली. १९९१ साली आलेल्या आकड्यांनुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ठोके थांबत होते आणि माणसं मरत होती.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या ॲपमधला एक बदल आठवला. पैसे भरायच्या पानावरची एक पायरी मी काढून टाकली होती. पायरी कमी म्हणजे लोक वैतागून सोडून जाणार नाहीत. यात चुकण्यासारखं काय आहे? निम्म्या लोकांना जुनं पान, निम्म्यांना नवं, असं दोन आठवडे चालवलं. नव्या पानावर लोक जास्त सोडून गेले. का, ते आम्हाला आजतागायत नीट कळलेलं नाही. माझ्या चुकीने फारतर काही ऑर्डरी बुडाल्या. पण इतका पक्का तर्क इतका सपशेल चुकू शकतो, हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

ज्याला पुराव्यावर आधारलेलं वैद्यक म्हणतात, त्याचा संशय होमिओपॅथीवर आहे त्याहून जास्त असल्या सुंदर तर्कांवर आहे, मग तो तर्क कुणाचाही असो. होमिओपॅथीलाही त्याने तीच चाळणी लावली. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये होमिओपॅथीच्या ११० चाचण्या आणि त्यांना जुळणाऱ्या आधुनिक औषधांच्या ११० चाचण्या शेजारी ठेवल्या गेल्या. लहान आणि ढिसाळ चाचण्यांत दोन्हीकडे औषध चांगलं दिसत होतं. मोठ्या आणि नीट केलेल्या तेवढ्याच घेतल्या तेव्हा होमिओपॅथीचा परिणाम खोट्या गोळीपाशी येऊन थांबला, आधुनिक औषधांचा टिकला. (शेवटच्या गाळणीत होमिओपॅथीच्या आठ आणि दुसऱ्या बाजूच्या सहाच चाचण्या उरल्या होत्या, यावर होमिओपॅथांनी आक्षेप घेतला, आणि तो अगदीच गैर नाही.) २०१५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने सगळा पुरावा चाळून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याही आजारासाठी नाही, असा निष्कर्ष काढला.

महाराष्ट्रात तर आणखीच गंमत. २०१४ साली कायदा बदलून, फार्माकॉलॉजीचा वर्षभराचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधं लिहून द्यायची मुभा मिळाली. त्यावरून कोर्टकज्जे झाले, डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या. खेड्यात दुसरा डॉक्टरच नाही ही अडचण खरी आहे आणि ती माझ्यासारख्या पुण्यात बसलेल्या बाईने हसण्यावारी नेऊ नये. पण ऑर्गनॉनमध्ये दुसऱ्या पंथाच्या औषधांबद्दल जे लिहिलंय, ते वाचून हानेमानने या कोर्सला काय म्हटलं असतं याची कल्पना करता येते. तो सरकारवरही भडकला असता आणि आपल्या अनुयायांवरही.

आईला यातलं किती सांगितलं? फार थोडं. खानावळीची गोष्ट तिला आवडली. "चांगले रिकामटेकडे होते की," म्हणाली. मग तिने मला विचारलं, "तुझा तो स्पेशालिस्ट. सातशे रुपये घेतो. त्याने मला काय विचारलं, सांग." मी सोबत होते, त्यामुळे मला आठवत होतं. त्याने रिपोर्ट बघितला, "गोळी बंद केली होती का?" विचारलं, डोस लिहिला आणि दोन महिन्यांनी परत या म्हणाला. चार मिनिटं. निदान बरोबर, डोस बरोबर. आईने सांगायला सुरुवात केली होती की रात्री झोप लागत नाही, तेव्हा त्याने पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

यावर मी काय बोलणार? झोपेचं काय झालं हे त्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं होतं. बारा वर्षांत तिला हे विचारणारे ते पहिले.

आमचा समझोता असा झाला: सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन, ती चुकवायची नाही, आणि महिन्यातून एकदा तिला त्या डॉक्टरांकडे जाऊन बसायचं असेल तर मी काही बोलणार नाही. फ्रीजवर आता दोन डब्या असतात. जानेवारीत टीएसएच ९ आला, मार्चमध्ये ३.२. चेहऱ्यावरची सूज गेली, आवाज पहिल्यासारखा झाला, आणि स्वेटर कपाटात गेला, मार्च होता म्हणूनही असेल. रिपोर्ट मीच वाचून दाखवला. आईने चष्मा लावून तो स्वतः एकदा बघितला, घडी घालून फ्रीजवरच्या दोन डब्यांच्या मध्ये ठेवला आणि म्हणाली, "बघ, दोन्हीचा मिळून गुण आला."